किंडलमधले उतारे ऑब्सिडियनमध्ये येत नाहीत, दोनदा येतात, किंवा येऊनही सापडत नाहीत

"मामा, परत झालं. शेतकऱ्यांवरच्या सगळ्या नोट्स गेल्या."

भाची पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करते. रात्री साडेदहाला फोन. यातला 'परत' हा शब्द महत्त्वाचा, कारण महिन्याभरात हा तिसरा फोन होता. पहिल्या वेळी किंडलवर वाचलेलं पुस्तकच ऑब्सिडियनमध्ये, म्हणजे तिच्या नोट्सच्या ॲपमध्ये, उमटत नव्हतं. दुसऱ्या वेळी एकेक उतारा तीन-तीनदा आला होता. आणि आता म्हणे नोट्सच गायब. तिच्या लेखी तिन्ही वेळा एकच गोष्ट झाली, 'सिंक बिघडलं'. मुळात तिन्ही दुखणी वेगळी, त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. 'सिंक बिघडलं' म्हणजे 'अंगात बरं नाही' म्हणण्यासारखं आहे. त्यावरून गोळी देता येत नाही.

मी स्वतः किंडल आणि ऑब्सिडियन वापरतो, त्यामुळे त्याच जोडीबद्दल लिहितो. नोशन, जॉपलिन अशी नोट्सची दुसरी ॲपं वापरणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, कारण घोळ बहुतेक वेळा नोंदवहीत पोहोचायच्या आधीच झालेला असतो.

पुस्तकच येत नाही

आधी हे बघायचं की तुमच्या खुणा राहतात कुठे. किंडलवर आपण बोटाने ओळ अधोरेखित केली की ती दोन ठिकाणी जाऊ शकते. एक, उपकरणाच्या पोटात 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये 'माय क्लिपिंग्ज' नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, तिच्या शेवटी ती चिकटते. दोन, ॲमेझॉनच्या सर्व्हरवर तुमच्या खात्यात जाते आणि ब्राउझरमधल्या 'नोटबुक' पानावर दिसते. ऑब्सिडियनमधलं 'किंडल हायलाइट्स' प्लगइन (ॲपला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) नेहमीच्या पद्धतीने चालवलं तर ते या दुसऱ्या जागेवरून माल उचलतं.

आता गोम अशी की केबलने किंडलमध्ये टाकलेलं पुस्तक त्या नोटबुक पानावर येत नाही. ईमेलने किंवा 'सेंड टू किंडल'ने पाठवलेली फाइल तुमच्या फोनवर आणि किंडलवर एकाच पानावर उघडेल, खुणाही दोन्हीकडे दिसतील, तरी नोटबुकच्या यादीत तिला जागा नाही. तिथे फक्त दुकानातून घेतलेली पुस्तकं. मराठी वाचकांना हा फटका जास्त बसतो. किंडलच्या भारतीय दुकानात मराठी पुस्तकांचा विभाग सुरू झाला तो डिसेंबर २०१६मध्ये. तोवर कुठून तरी किंडलला चालणारी 'मोबी' फाइल नाहीतर पीडीएफ मिळवायची आणि केबल लावून आत ढकलायची, ही सवय आपल्याला लागून गेली होती. विकिस्रोत, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत पुस्तकं, ई-साहित्य प्रतिष्ठानचे अंक, हे सगळं आजही त्याच वाटेने आत जातं. म्हणजे आपल्या मराठी वाचनातल्या निम्म्या खुणा नोटबुकवर कधीच पोहोचत नाहीत. प्लगइनला दोष देऊन उपयोग नाही. ज्या कपाटात वस्तूच नाही ते उघडून ते काय आणणार?

तेव्हा काहीही करायच्या आधी ब्राउझरमध्ये नोटबुक पान उघडा. डावीकडच्या यादीत पुस्तक आहे का बघा. नसेल, तर प्लगइनमध्ये दुसरा पर्याय आहे: 'माय क्लिपिंग्ज' फाइल स्वतः निवडून द्यायची. भाचीचा पहिला फोन एवढ्यावर मिटला.

यादीच कोरी दिसत असेल तर खात्याचा देश तपासा. तुमचं खातं भारतीय दुकानाशी जोडलेलं असेल आणि तुम्ही 'डॉट कॉम'चं पान उघडून बसला असाल, तर पासवर्ड बरोबर लागेल, पान उघडेल आणि पुस्तक एकही नसेल. प्लगइनच्या सेटिंगमध्येही प्रदेश निवडायचा असतो, तो बदलून पुन्हा लॉगिन करायचं. परदेशात राहून आलेल्यांच्या बाबतीत मी सगळ्यात आधी हेच विचारतो.

आणखी एक. फोनवरच्या किंडल ॲपमध्ये 'माय क्लिपिंग्ज' ही फाइल नसतेच. ती फक्त ई-इंक उपकरणावर, म्हणजे प्रत्यक्ष किंडलवर, आणि प्रत्येक उपकरणाची आपली वेगळी. घरात दोन किंडल असतील तर दोन फाइली. फोनवर केलेल्या खुणा किंडलमधल्या फाइलीत शोधू नका.

केबल जोडूनही मॅकवर किंडल दिसत नसेल तर घाबरायचं कारण नाही. २०२४ साली आलेली मॉडेलं जुन्यांसारखी पेनड्राइव्ह बनून जोडली जात नाहीत, अँड्रॉइड फोनसारखी 'एमटीपी' पद्धतीने जोडली जातात. विंडोजवर ती आपोआप दिसतात. मॅकवर त्यासाठी वेगळं ॲप टाकावं लागतं. केबल बदलत बसलेल्या एका मित्राने तीन केबली विकत घेतल्यानंतर मला विचारलं होतं.

तोच उतारा तीनदा

यासाठी ती 'माय क्लिपिंग्ज' फाइल एकदा स्वतः उघडून बघा. नोटपॅडमध्ये उघडते. एका नोंदीची रचना अशी: पहिल्या ओळीत पुस्तकाचं नाव आणि कंसात लेखक. दुसऱ्या ओळीत एका डॅशनंतर इंग्रजीत 'युअर हायलाइट', पुढे पान किंवा लोकेशन (पुस्तकातल्या जागेचा किंडलचा आकडा), आणि तारीख-वेळ. मग एक कोरी ओळ. मग उतारा. आणि शेवटी बरोबरच्या चिन्हांची रांग, दहा वेळा, ==========. बस. हजार खुणा केल्या तर हे हजार वेळा, एकाखाली एक, जशा केल्या त्या क्रमाने. पुस्तकवार नाही.

या फाइलीत भर पडते, पण तिच्यातून काही कमी होत नाही. समजा तुम्ही ४१२ ते ४१३ लोकेशनवरची ओळ अधोरेखित केली. मग वाटलं, पुढचं वाक्यही हवं. खूण ओढून ४१५पर्यंत नेली. पडद्यावर एकच खूण दिसते, फाइलीत दोन नोंदी आहेत. पुन्हा मागे ओढलीत तर तीन. खूण पुसून टाकली तरी नोंद तिथेच. ही बनियाची रोजकीर्द आहे म्हणा ना: खोडाखोड नाही, प्रत्येक व्यवहाराची नवी ओळ.

भाची उतारा निवडताना बोट थांबेल तिथे सोडते आणि मग टोकं सावरत बसते. त्यामुळे तिचा प्रत्येक उतारा दोन-तीनदा. उपाय असा: एकाच पुस्तकातल्या ज्या नोंदींची लोकेशनं एकमेकांवर चढतात, त्यांतली सगळ्यात शेवटच्या तारखेची ठेवायची, बाकीच्या काढायच्या. सगळ्यात लांब ठेवा असं काही जण सांगतात, ते मला पटत नाही. माणूस खूण लहानही करतो, आणि शेवटी जी ठेवली तीच त्याला हवी असते. उपकरणातल्या मूळ फाइलीला मात्र हात लावू नका. तिची प्रत संगणकावर घ्या, तारीख घालून ठेवा, साफसफाई प्रतीवर करा. उपकरण फॅक्टरी रीसेट केलं की ही फाइलही जाते, त्यामुळे तशीही प्रत हवीच.

तुम्ही लिहिलेलं टिपण ही वेगळी नोंद असते. तिच्यावर 'हायलाइट'ऐवजी 'नोट' लिहिलेलं असतं आणि लोकेशनचा एकच आकडा. हा आकडा सहसा ज्या उताऱ्यावर टिपण लिहिलं त्याच्या शेवटाशी जुळतो. टिपण एकीकडे आणि उतारा भलतीकडे आला असेल, तर जोडणी हाताने या आकड्यावरूनच करावी लागते.

उतारे नीट आहेत, पण एकच पुस्तक यादीत दोनदा दिसतंय? याची दोन कारणं मला भेटली. पहिलं, फाइल युनिकोडात (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) असते आणि नोंदीच्या सुरुवातीला कधी कधी 'बाइट ऑर्डर मार्क' नावाचं एक न दिसणारं चिन्ह बसलेलं असतं. डोळ्याला नाव तेच. संगणकाला एक नाव चिन्हासकट आणि एक चिन्हाशिवाय, म्हणजे दोन पुस्तकं. दुसरं कारण आपण स्वतः. आधी ईपब (ई-पुस्तकाची फाइल) पाठवलं, मग कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये लेखकाचं नाव दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. पहिल्या ओळीतला कंसातला मजकूर बदलला, की झालं नवं पुस्तक. नाव-लेखक काय ते पाठवायच्या आधीच ठाकठीक करा.

आणि फाइल देऊनही 'एकही खूण सापडली नाही' असं येत असेल तर किंडलची भाषा बघा. माझा चुलतभाऊ म्युनिकला असतो, त्याचं किंडल जर्मनमध्ये. त्यामुळे 'युअर हायलाइट'च्या जागी त्याच्या फाइलीत 'इरे मार्किएरुंग' असतं. वाचणारा प्रोग्रॅम इंग्रजी शब्द शोधतो, त्याला काहीच सापडत नाही. उपकरणाची भाषा इंग्रजी केली की पुढच्या नोंदी सुधारतात. जुन्यांसाठी प्रतीमध्ये ते शब्द बदलून घ्यावे लागतात. त्याने दोन वर्षांची मराठी पुस्तकं अशी दहा मिनिटांत सोडवून घेतली.

उताऱ्याच्या जागी मर्यादा संपल्याचं एक इंग्रजी वाक्य येतं, ते बिघाड नव्हे. विकतच्या पुस्तकातून किती मजकूर बाहेर नेता येईल याची मर्यादा प्रकाशक घालतो, बऱ्याचदा ती पुस्तकाच्या १० टक्के असते. ती ओलांडली की खूण पुस्तकात दिसत राहते, पण मजकूर बाहेर येत नाही. यावर चोरवाटा सांगणारे पुष्कळ आहेत. मी एवढंच सांगेन की ज्या पुस्तकात मी पानंच्या पानं पिवळी केली होती, त्यातलं नंतर काहीही वाचलं नाही.

मराठीचं खास दुखणं

आता तिसरा फोन. मी तिला म्हटलं, स्क्रीन दाखव. ऑब्सिडियनच्या शोधात तिने 'शेतकऱ्यांच' टाकलं होतं. ४ निकाल. मग मी तिला फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची फाइल नुसती उघडायला सांगितली. उतारे जागच्या जागी होते. पहिल्याच ओळीत शब्द ढळढळीत समोर, आणि शोध म्हणतोय नाही.

"मामा, हे काय भुताटकी आहे?"

भुताटकी नाही, अर्ध्या 'र'ची गंमत आहे. मी कऱ्हाडचा, त्यामुळे या भुताशी माझी जुनी ओळख. आमच्या गावाचं नाव निम्म्या संगणकांना कळत नाही.

हे दोन शब्द बघा: शेतकऱ्या आणि शेतकर्‍या. तुमच्या पडद्यावर बहुधा दोन्ही सारखेच दिसतील. पण पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लांबी मोजली तर पहिल्याची ८ येते, दुसऱ्याची ९. पहिल्यात युनिकोडातला ०९३१ क्रमांकाचा 'ऱ' आहे, पुढे हलन्त, पुढे 'य'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, मग एक शून्य रुंदीचं, न दिसणारं जोडचिन्ह, आणि मग 'य'. युनिकोडला दोन्ही पद्धती मान्य आहेत. माणूस दोन्ही एकच वाचतो. शोधयंत्र मात्र चेहरा बघत नाही, क्रमांक जुळवतं. तुमचा कीबोर्ड एका पद्धतीने लिहितो आणि पुस्तक टंकणाऱ्याने दुसरी वापरली, की दोघांची गाठ पडत नाही. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की ०९३१ वाला 'ऱ' येतो. जुन्या ईपबांमध्ये जोडचिन्हवाला भरपूर सापडतो.

यात फक्त शेतकरी भरडला जात नाही. वारे, तारे, दरी, पायरी, नोकरी, सगळ्यांची रूपं याच्यात येतात: वाऱ्या, ताऱ्या, दऱ्या, पायऱ्या, नोकऱ्या. शिवाय तऱ्हा, गुऱ्हाळ, आणि आमचं कऱ्हाड. राज्यसेवेच्या अभ्यासातून 'शेतकऱ्यांच्या' आणि 'नोकऱ्यांच्या' वजा केल्यावर काय उरतं ते तुम्हीच बघा.

याच जातीचा दुसरा शब्द म्हणजे 'ॲप'. एक 'ॲ' असा स्वतंत्र आहे, तो युनिकोडात २००८ साली आला. त्याआधी 'अ', न दिसणारं जोडचिन्ह आणि वर चंद्र अशी जुळणी करून 'अ‍ॅ' लिहायचे, आणि आजही ते तसं लिहिलं जातं. ॲडम स्मिथ शोधला आणि मिळाला नाही, तर त्याने अर्थशास्त्र सोडलंय असं समजू नका.

उपाय. सगळ्या नोट्स एकाच पद्धतीवर आणायच्या. मी ०९३१ वाली पद्धत ठेवतो, कारण तिच्यात अदृश्य काही नाही. आधी व्हॉल्टची, म्हणजे ऑब्सिडियनच्या सगळ्या नोट्स असलेल्या फोल्डरची, पूर्ण प्रत काढा. मग व्हीएस कोड या मजकूर-संपादकात ते फोल्डर उघडून 'सगळ्या फाइलींत शोधा आणि बदला' घ्या. शोधायच्या खान्यात र्‍ आणि बदलायच्या खान्यात ऱ् चिकटवा. पण 'सगळे बदला' ही कळ लगेच दाबू नका. आधी सापडलेल्या शब्दांची यादी खाली-वर करून बघा. त्यात 'कर्ज', 'धर्म', 'सूर्य' दिसत असतील तर थांबा. कॉपी करताना अदृश्य चिन्ह गळालेलं आहे आणि तुम्ही नुसता 'र्' शोधताय. तसंच पुढे गेलात तर तुमच्या प्रत्येक रफाराचं मातेरं होईल, 'कर्ज'चं 'कऱ्ज'. यादीत फक्त तऱ्हा, पायऱ्या, शेतकऱ्या असल्याच मंडळी असतील तर खुशाल पुढे जा. मग 'अ‍ॅ'साठी तेच.

इथे एक उलटा धोकाही आहे, आणि तो जास्त वाईट. इंटरनेटवर 'अदृश्य अक्षरं साफ करा' अशी साधनं मिळतात, काही आयात करणाऱ्या स्क्रिप्टाही हे परस्पर करतात. इंग्रजी मजकुराला ते ठीक आहे. मराठीत नुसतं जोडचिन्ह काढलं की 'र'चा रफार होतो. दऱ्याचा दर्या होतो, म्हणजे सह्याद्रीतून थेट समुद्रात. लग्नात आचाऱ्यांना पैसे दिल्याची नोंद असेल तर ते आचार्यांना दिल्याचं दिसेल. आणि शब्द दोन्हीकडे अस्सल मराठी असल्यामुळे तपासनीस लाल रेघही ओढणार नाही. मराठी मजकुरावर असलं साधन चालवू नका.

'ऱ'चा एक तिसराही अवतार आहे: साधा 'र' आणि खाली नुक्ता, असे दोन तुकडे. जुन्या मॅकवर फाइलींची नावं अशी तुकडे करून साठवली जायची, आणि झिप करून इकडेतिकडे नेताना ती सवय अजून कुठे कुठे डोकावते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसू शकतात, आणि एकीकडे जाणारी लिंक दुसरीकडे लागत नाही. मजकुरापेक्षा फाइलींच्या नावात हे जास्त होतं. मी सरळ ज्या नावात ऱ्य आहे ती फाइल एकदा हाताने नाव टंकून बदलतो. नावात विसर्गासारखे दोन ठिंबे म्हणजे कोलन, प्रश्नचिन्ह किंवा तिरकी रेघ असेल तर तीही त्याच वेळी काढा; विंडोज आणि अँड्रॉइड ती चालवून घेत नाहीत, आणि लॅपटॉपवर असलेली नोट फोनवर का नाही याचं उत्तर पुष्कळदा त्या एका प्रश्नचिन्हात असतं.

पीडीएफमधून नुसता गिचका येतो

इथे दोन वेगळे गिचके आहेत, आधी ओळखायला शिका.

किंडलवरून ईमेलने मागवलेली खुणांची सीएसव्ही (तक्त्याची साधी टेक्स्ट फाइल) एक्सेलमध्ये उघडली, आणि देवनागरीच्या जागी डोक्यावर उलटी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा दिसतोय, तर मजकूर शाबूत आहे. एक्सेल तो चुकीच्या संकेतात वाचतंय. डबल-क्लिक करून उघडू नका. कोरं पान घ्या, 'डेटा' टॅबमधून टेक्स्ट-सीएसव्ही आयात करा आणि फाइलीचा उगम '६५००१ : युनिकोड यूटीएफ-८' निवडा. लगेच मराठी दिसेल. गिचका दिसत असताना 'सेव्ह' मात्र करू नका, मग तो कायमचा होतो.

दुसरा गिचका म्हणजे वाचताना पीडीएफ झकास मराठी, आणि उतारा काढला की सुटी इंग्रजी अक्षरं. ही पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात आहे: कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी. कृतिदेवात 'मराठी' हा शब्द आतून ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतो. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवतो. उतारा काढताना मुखवटा मागे राहतो. ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइलीच्या 'प्रॉपर्टीज'मधला 'फॉन्ट्स' टॅब उघडा, नाव कळेल. मग त्याच फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरा. कृतिदेवाचा परिवर्तक श्रीलिपीला लावला तर वेगळाच गिचका तयार होतो. बदलून आलेल्या मजकुरात रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, त्या दोन्ही हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात.

फॉन्ट कळतच नसेल किंवा पीडीएफ नुसती स्कॅन केलेली असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं. मोजकी पानं असली तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडतो. जास्त असली तर टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्रॅम, त्याला मराठीचा डेटा वेगळा मिळतो. खरं सांगायचं तर दोन-चार ओळींसाठी एवढा खटाटोप मी करत नाही. हाताने टंकतो. टंकताना वाचलंही जातं.

माझी स्वतःची माती

एवढं शहाणपण सांगतोय, पण सगळ्यात मोठं नुकसान मी स्वतः केलंय. प्लगइनने आणलेल्या फाइलीच्या डोक्यावर तीन रेघांच्या मध्ये काही ओळी असतात, आणि प्रत्येक उताऱ्याच्या शेवटी ^ या टोपीनंतर काही अक्षरं. मला ते कचरा वाटलं. एका रविवारी बसून चाळीसेक पुस्तकांतून ते सगळं काढून टाकलं, फाइली कशा स्वच्छ दिसू लागल्या. त्या ओळी म्हणजे प्लगइनच्या लेखी पुस्तकाची ओळख, आणि त्या टोप्या म्हणजे 'हा उतारा आणून झालाय' अशी नोंद. सोमवारी सिंक चालवलं. चाळीसच्या चाळीस पुस्तकं नव्याने हजर. मी घाईत जुनी समजून ज्या फाइली उडवल्या, त्यांच्यातच माझी उताऱ्यांखाली लिहिलेली दोन वर्षांची टिपणं होती. प्रत? काढायचं मनात होतं.

तेव्हापासून एकाच फाइलीत दोघांना नांदवत नाही. 'उतारे' नावाचं फोल्डर प्लगइनचं, तिथे मी एक अक्षरही लिहीत नाही. माझं लेखन 'टिपणं' फोल्डरमध्ये, प्रत्येक पुस्तकाची वेगळी नोट, आणि तिच्यात वर ![[शेतकऱ्याचा असूड - उतारे]] अशी एक ओळ. उतारे माझ्या नोटमध्ये दिसतात, पण राहतात त्यांच्या घरी. उद्या प्लगइन बंद पडलं, फाइल दुसऱ्यांदा आली, मी पुन्हा एखादा रविवार स्वच्छतेत घालवला, तरी माझं लिहिलेलं जागेवर.

किंडल नसलेल्यांसाठी धावतं: कोबो या ई-रीडरमध्ये खुणा 'डॉट कोबो' या लपलेल्या फोल्डरातल्या एसक्यूलाइट (डेटाबेस) फाइलीत असतात, म्हणून केबल जोडून वरवर शोधलं तर काही दिसत नाही. गूगल प्ले बुक्सच्या सेटिंगमध्ये खुणा ड्राइव्हमध्ये साठवायचा पर्याय असतो. तो चालू केला की प्रत्येक पुस्तकाचं एक डॉक्युमेंट तयार होतं. केओरीडर हा ई-रीडरवर वेगळा टाकायचा वाचनाचा प्रोग्रॅम खुणा थेट मार्कडाउनमध्ये, म्हणजे ऑब्सिडियनच्या नोट्स असतात त्याच स्वरूपात, निर्यात करतो, आणि केबलने टाकलेल्या मराठी ईपबांसाठी मला तोच सगळ्यात बिनकटकटीचा वाटतो. ऱ्य मात्र सगळीकडे तोच.

भाचीकडे त्या रात्री प्रत काढून, यादी दोनदा वाचून, 'कर्ज' कुठे नाही ना बघून मग 'सगळे बदला' दाबलं. तिने पुन्हा 'शेतकऱ्यांच' टाकलं. ३७.

"मामा, आणि 'कऱ्हाड'?"

टाकून बघ म्हटलं. १ निकाल. तिने तिच्याच एका नोटमध्ये लिहिलं होतं: 'ऱ्य शोधात येत नाही, कऱ्हाडला गेल्यावर मामाला विचारणे.' तारीख मागच्या दिवाळीची.